फणसाच्या लाकडाची खुर्ची

घाटकोपर,
३० जानेवारी १९५३

तीर्थरूप आत्येस,
सहदेवचा साष्टांग नमस्कार.

तू पाठवलेलं कुळथाचं पीठ आणि कोकमं बोटीवरून उतरवून घेतली. कुंदाने त्याच संध्याकाळी पिठी केली. नीलाने बशी अशी चाटून पुसली की घासायची गरज उरली नाही.

परवा सव्वीस तारखेला कंपनीने आम्हा सगळ्यांना आरे कॉलनीत सहलीला नेलं. काय झकास जागा आहे आत्ये! सरकारने म्हशींसाठी बांधलेले गोठे आपल्या चाळीपेक्षा हवेशीर. बाटलीतलं थंडगार दूध प्यायलो. टेकडीवर बाग केली आहे, तिथे जेवणं झाली. मग कारखान्यातले कामगार विरुद्ध आम्ही हापिसातले कारकून, असा हुतूतू झाला. मजा आली.

आता खरी बातमी. आमचे हेडक्लार्क श्यामकांतराव या डिसेंबरअखेर निवृत्त होतात. त्यांच्या जागी माझं नाव निघालं आहे. अजून पक्कं काही नाही, पण साहेबांच्या मनात आहे असं शिपाईमामा सांगत होता. आम्हा सर्वांच्या खुर्च्या साध्या. हात असलेली खुर्ची हापिसात एकच, हेडक्लार्कची. तुला लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तुझा,
सहदेव

*

वरची वाडी, ता. देवगड,
१४ फेब्रुवारी १९५३

चिरंजीव सहदेव यास आत्येचे पोटभर आशीर्वाद.

झिला, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा स्वतःसाठी, एकदा देवासमोर, आणि एकदा मोठ्याने, कुंपणापलीकडे गुणाजी पानसुपारी खात बसला होता त्याला ऐकू जाईल अशा बेताने. त्याचा मुलगा टपाल कचेरीत टेबलाशी बसतो म्हणून गेली चार वर्षं हा माणूस माझे कान किटवतोय. म्हटलं, घे आता. तुझ्याची नुसती खुर्ची, माझ्याची हातांची खुर्ची!

तू हसशील. पण तुझा बाप गेला तेव्हा तू एवढासा होतास, आणि मी गिरणीत वाइंडिंग खात्यात. सुताच्या कांड्या भरायच्या, उभ्याने. सकाळी भोंगा झाला की उभं राहायचं ते संध्याकाळी भोंगा होईतो. बसलीस तर मुकादमी करणारा जॉबर ओरडणार. पायांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या त्या अजून आहेत. अक्षरं शिकले तीही उभ्यानेच, दुकानांच्या पाट्या आणि गठ्ठ्यांवरचे शिक्के वाचून. तेव्हा मनाशी एकच घोकायची: उभं राहायचं ते मी राहीन, माझा सहदेव बसून खाईल. बसून काम करील.

तर आता ऐक. घरामागचा फणस वादळात पडला होता, त्याच्या फळ्या माळ्यावर आहेत. सुताराला सांगून टाकलं, हातांची खुर्ची कर. हापिसातली कंपनीची असेल, घरातली माझी. दसऱ्याला बोट सुरू असते, तेव्हा येईन. तुला हापिसात बसलेला डोळ्यांनी बघीन, मगच खुर्ची पाठवीन.

एक विचारते. तू म्हशींवर अर्धं पान लिहिलंस आणि हुतूतूवर एक ओळ. लहानपणी हुतूतूची एक चढाई तू दोन दिवस सांगायचास. जिंकलं कोण?

तुझी आत्ये

*

घाटकोपर,
९ एप्रिल १९५३

तीर्थरूप आत्येस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला, कामाचा रेटा होता. हुतूतूचं काय विचारतेस? कामगार जिंकले. हात-पाय दिवसभर चालणारी माणसं ती, आम्ही कागद चालवणारे.

खुर्चीची एवढी घाई कशाला करतेस? लाकूड नीट सुकू दे. पोस्ट कुणाला मिळते कुणास ठाऊक.

आत्ये, एक सांगशील? तुम्ही बायका दिवसभर एका जागी खिळलेल्या असायच्या. गाठी आल्या त्या आल्या, पण तू अजूनही विहिरीवरून दोन कळश्या घेऊन चढण चढतेस. तुझे पाय टिकले कसे? असंच मनात आलं म्हणून विचारतो.

कुंदा बरी आहे. नीला दिवसभर मृणालिनीबाईंची नक्कल करते. त्या आमच्या हापिसातल्या टायपिस्ट, समोरच्याच बिऱ्हाडात राहतात. पाट उलटा ठेवून त्यावर बोटं बडवते आणि मान चोळत म्हणते, "आई गं, मान गेली!"

तुझा,
सहदेव

*

वरची वाडी,
३ मे १९५३

चि. सहदेव यास आशीर्वाद.

हे काय रे विचारणं! पण विचारलंस तर सांगते, आता हसू येतं.

आमच्या खात्यात भागीरथी म्हणून एक म्हातारी होती. मूळची गुहागरकडची. दात दोनच, पण आवाज भोंग्यासारखा. तिने आम्हाला शिकवलं. जरा वेळ गेला की ती ओरडायची, "झाडाला पाणी घाला गो!" की आम्ही सगळ्या जणी टाचा उचलून चवड्यांवर उभ्या. खाली, वर, खाली, वर. मग एक पाय झटकायचा, दुसरा झटकायचा, कंबर मागे रेटायची, आणि पुन्हा कांडीला हात. ती म्हणायची, पाय म्हणजे झाड. त्याला मुळाशी पाणी चढतं राहायला हवं, नाहीतर वाळतं नाहीतर कुजतं. जॉबरला वाटायचं, म्हातारीला परसातल्या तुळशीची आठवण येते! ज्यांनी तिचं ऐकलं त्या माझ्यासारख्या अजून चालतात. ज्या "मी दमले गो" म्हणून तशाच ताठ उभ्या राहिल्या, त्या लवकर गेल्या.

पण तुला त्याचं काय? तू देवाच्या दयेने बसलेला आहेस. बसलेल्याच्या पायांना काय होतंय?

खुर्चीचे पाय आणि पाठ तयार झाली. सुतार विचारत होता, पाठीला काय कोरू? म्हटलं, कोयरी कोर. तो म्हणाला, हेडक्लार्काला कोयरी शोभते? म्हटलं, माझ्या हेडक्लार्काला शोभते.

तुझी आत्ये

*

वरची वाडी,
१ नोव्हेंबर १९५३

सहदेवास,

मी डोकं दुखतं असं कुंदाला सांगितलं आणि दसरा होताच तुमच्याकडून पहिल्या बोटीने गावी निघून आले. डोकं दुखत नव्हतं. आता सांगते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू सकाळी निघालास. तू रोज तासभर आधी टेकडीवर जातोस, मला वाटलं देवदर्शनाला. तू गेल्यावर मी नारळाच्या वड्या केल्या. म्हटलं, हापिसात शस्त्रपूजा असेल, चार माणसांच्या तोंडात गोड पडेल आणि मला तुला बसलेला बघता येईल. विचारत विचारत आग्रा रोडवरच्या तुमच्या हापिसाशी आले. ओसरीवरच्या खिडकीतून आत पाहिलं.

सगळे कारकून बसलेले. एकेकाची खुर्ची, एकेकाचं टेबल. आणि माझा सहदेव भिंतीशी, तोंड भिंतीकडे करून, एका उंच मेजाशी उभा. उभ्याने लिहीत होता. शाळेत मास्तर उभं करतात तसा. एक जण काहीतरी बोलला आणि सगळे हसले. तूही मान खाली घालून हसलास. ते हसणं मला सोसवलं नाही.

डबा पहारेकऱ्याच्या हातात दिला आणि मागे वळले.

काय चुकलास रे तू? कुणी काढून घेतली तुझी खुर्ची? तू मला का नाही सांगितलंस? मी त्या श्यामकांतरावांना विचारलं असतं, की या पोराला बसता यावं म्हणून मी माझे पाय गिरणीत ठेवून आले, तुम्ही कोण त्याला उभं करणारे? विचारलं असतं. पण पाय उचलला नाही. पहिल्यांदाच.

खुर्ची तयार आहे. पडवीत पोत्याखाली झाकून ठेवली आहे. गुणाजी दोनदा विचारून गेला.

आत्ये

*

घाटकोपर,
१२ नोव्हेंबर १९५३

तीर्थरूप आत्येस,
साष्टांग नमस्कार.

पहारेकऱ्याने डबा दिला तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याने फक्त "एक आजी आली होती" म्हटलं आणि सगळ्यांनी वड्यांवर झडप घातली. तू त्या दिवशी खिडकीशी उभी होतीस हे वाचून मला जेवण गेलं नाही.

माझी खुर्ची कुणी काढून घेतली नाही. मीच सोडली. पहिल्यापासून सांगतो.

आरे कॉलनीत तो हुतूतू झाला ना, पहिली चढाई माझी होती. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, देवगडचा गडी आहे, बघा आता. गेलो "हुतूतू" करत, एकाला शिवायला वाकलो आणि कमरेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. वाकलो तो वाकलेलाच. श्वास संपला, पाय हलेना. कामगारांनी मला धरलंच नाही, आत्ये. उचललं. दुधाच्या बाटल्यांच्या गाडीत आडवा घालून रस्त्यापर्यंत आणलं. बाटल्या खुळखुळत होत्या आणि मी वरच्या झाडांकडे बघत होतो.

चेंबूरच्या डॉक्टरांनी पाठ तपासली आणि विचारलं, "दिवसभर काय करता?" म्हटलं, बसतो. "संध्याकाळी?" बसतो. "हापिसात पाणी कोण आणतं?" शिपाई. "फायली?" शिपाई. ते म्हणाले, "तुम्ही कारकून आहात की देवळातली मूर्ती? तुमचं हाड मोडलं नाही, गंजलंय. असेच बसत राहिलात तर पाच-दहा वर्षांत मुलीचा हात धरून चालाल. उठा, चाला, उभे राहा." मी विचारलं, औषध? म्हणाले, "हेच."

आता हे तुला कोणत्या तोंडाने लिहू? तू म्हणतेस बसून खा, डॉक्टर म्हणतो उठून जग. म्हणून मी म्हशींवर लिहिलं.

हापिसातलं ऐक. आमच्याकडे कारकुनाने जागेवरून उठणं म्हणजे कामचुकारपणा. श्यामकांतराव नेहमी म्हणतात, "कारकून खुर्चीत दिसला पाहिजे. खुर्ची रिकामी म्हणजे काम रिकामं." स्वतःचं पाणी स्वतः घेतलं तरी त्यांना ते हलकं वाटतं. मी त्यांना दुखणं सांगून सवलत मागितली. "जमत नसेल तर गावी जाऊन शेती करा," म्हणाले. मग धीर करून साहेबांकडे गेलो. साहेब पारशी, कडक पण सरळ. म्हणाले, "काम कमी झाला तर तू पाछो खुर्चीमां. नाय झाला तर ऊभो रहे." गोदामात एक उंच मेज धूळ खात होतं, पूर्वी त्यावर उभ्याने टपालाच्या नोंदी व्हायच्या. ते भिंतीशी आणलं. अर्धा दिवस त्याच्याशी, अर्धा खुर्चीत, आणि मध्ये हिंडणं. म्हणून तोंड भिंतीकडे.

तू पाहिलंस तेव्हा आमचा बाळ प्रधान म्हणत होता, "सहदेव, कुणाची सायकल चोरलीस रे, उभा केलाय तो?" तो रोज असंच काहीतरी म्हणतो. पण त्याचं पोट टेबलाला टेकायला लागलं तेव्हा तोच पहिला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

आणि तुझी भागीरथी इथे आली आहे. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके पडले की मी हळूच म्हणतो, "झाडाला पाणी घाला." आधी मी एकटा. मग बाळ, थट्टेने. मग मृणालिनीबाई उठल्या, मान फिरवली, टाचा उचलल्या, आणि म्हणाल्या, "अहो, बरं वाटतंय की!" आता निम्मं हापिस उठतं. माठही ओसरीच्या टोकाला नेला आहे, ज्याला तहान त्याने चालावं. शिपाईमामा घाबरला, "म्हणजे मला काढणार तुम्ही!" त्याला समजावलं, तुला नाही मामा, गंज काढायचाय. श्यामकांतराव मात्र संतापतात. परवा ओरडले, "ही कचेरी आहे की बागकामाचं खातं?"

त्यांनी साहेबांना सांगून ठेवलं आहे, ज्याला खुर्चीत बसता येत नाही त्याला हेडक्लार्क करू नका. निकाल डिसेंबरअखेर. ती हातांची खुर्ची बहुतेक मला मिळणार नाही. पुन्हा बसायला लागलो तर मिळेल, कदाचित. मी बसणार नाही म्हणून ठरवलं आहे, पण तुझं पत्र आल्यापासून ते ठरवणं जड जातंय. तू सांग.

सहदेव

(याच पाकिटात)

आत्येबाई, कुंदाचा नमस्कार.

हे लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. सहलीनंतर दोन महिने यांच्या पायात चपला मी सरकवत होते. खाली पडलेला रुपया उचलता येत नव्हता, पण हापिसात जायचे, आणि बाहेर पडताना सांगायचे, आत्येला कळवलंस तर बघ. मी म्हटलं, बघते काय, कळवतेच! पण नाही कळवलं, माझीच चूक.

सकाळी टेकडीवर जातात ते देवाला नव्हे, चालायला. गेल्या रविवारी नीलाला खांद्यावर घेऊन वरपर्यंत चढले. ती वरून ओरडत होती, "बाबा घोडा!" मी खालून बघत होते. रागावा हवं तर, पण खुर्चीसाठी नका रागावू.

कुंदा

*

वरची वाडी,
६ डिसेंबर १९५३

चि. सहदेव आणि चि. सौ. कुंदा यांस आत्येचे आशीर्वाद.

पत्राला उशीर केला. राग नव्हता. डोक्यात गुंता झाला होता, कांडीवर सूत अडकतं तसा. ओढलं तर तुटतं, म्हणून हळूहळू सोडवत बसले.

मी जन्मभर समजत होते की उभं राहणं हा रोग आणि बसणं हे औषध. विहिरीवर जाताना, भात कांडताना तोच विचार. मग एक दिवस गोठ्यात आपल्या कपिलेला सोडायला गेले. रात्रभर दाव्याला बांधलेली. उभी असो नाहीतर बसलेली, दावं सोडलं की आधी काय करते? अंग झाडते, आळस देते, चार पावलं चालते. तेव्हा उलगडलं. आम्हाला उभं करून बांधलं होतं, तुला बसवून बांधलं. दुखणं दाव्याचं रे, उभ्याचं-बसल्याचं नाही.

भागीरथी बिचारी दावं सोडू शकत नव्हती, म्हणून आहे त्या जागी टाचा उचलायला शिकवत होती. तू मात्र साहेबापुढे जाऊन बोललास. मी एवढी वर्षं जॉबरला एकदाही म्हटलं नाही की माका जरा बसू दे. म्हणायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. तू म्हणालास. माझा सहदेव म्हणाला.

तू विचारलंस, सांग. सांगते. त्या खुर्चीसाठी पुन्हा गंजू नकोस. जाऊ दे गेली तर. त्या श्यामकांतरावांना उलट बोलू नकोस, वयाने मोठे आहेत, त्यांच्याही गुडघ्यांचं काहीतरी असेल. पण टाच खाली टेकू नकोस.

कुंदा, तू मला कळवलं नाहीस त्याबद्दल एक धपाटा बाकी आहे. बाबाला घोडा करणाऱ्या पोरीला एक पापा.

पडवीतल्या खुर्चीचं काय करायचं ते कळत नाही. सुताराने कोयरी फार सुरेख कोरली आहे.

तुमची आत्ये

*

घाटकोपर,
२८ जानेवारी १९५४

तीर्थरूप आत्येस,
साष्टांग नमस्कार.

सगळं सांगायचं म्हणून सहल होईपर्यंत थांबलो.

श्यामकांतरावांचा निरोप समारंभ डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी झाला. त्यांना त्यांच्याच हातांच्या खुर्चीत बसवलं, हार घातला, साहेब चांगलं बोलले. मग रावांनी दोन शब्द बोलायचे होते. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि उठता येईना. पुन्हा जोर दिला. चेहरा लाल झाला, हार एका बाजूला सरकला. पाय बधिर झाले होते. तुला गुडघ्यांचं कसं कळलं? खरंच, कित्येक वर्षं ते दोन्ही गुडघे पट्ट्याने आवळून येत होते. कुणाला सांगितलं नव्हतं.

  मी पुढे गेलो, त्यांच्या खुर्चीशी वाकलो (वाकता आलं, आत्ये!), हात पुढे केला आणि हळू आवाजात म्हटलं, "राव, घाई नको. आधी झाडाला पाणी घाला, मग उठू."

मला वाटलं, आता हात झिडकारतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बसल्या बसल्या टाचा उचलल्या. खाली टेकवल्या. पुन्हा उचलल्या. मी समोर उभा राहून तेच करत होतो. मागे आवाज आला म्हणून पाहिलं, तर मृणालिनीबाई, बाळ, सगळे कारकून, दाराशी शिपाईमामा, सगळे टाचा वर-खाली करत होते. कुणी हसत नव्हतं. मग राव माझा हात धरून उठले.

भाषण त्यांनी लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. एवढंच म्हणाले, "मी ही खुर्ची जन्मभर सांभाळली. तिने मला सांभाळलं नाही. साहेब, माझ्या जागी सहदेवला नेमा. फक्त त्याला खुर्चीत शोधू नका."

एक तारखेपासून मी हेडक्लार्क आहे, आत्ये.

हातांची खुर्ची मी कोपऱ्यात ठेवली आहे. ज्याची पाठ भरून येईल त्याने टेकावं, नंतर उठावं. साहेबांनी सुताराकडून आणखी दोन उंच मेजं करवून घेतली. श्यामकांतराव मुलुंडला मुलाकडे असतात. मागच्या रविवारी भेटलो. काठी घेऊन फाटकापर्यंत येतात आणि परत जातात. मला म्हणाले, "पाणी घालतोय, हां!"

परवा पुन्हा आरे कॉलनीची सहल. हुतूतू झाला. आम्ही पुन्हा हरलो, लपवत नाही. पण पहिली चढाई माझी होती. गेलो, दोघांना शिवलो, त्यांनी माझा पाय धरला, आणि मी श्वास न सोडता लोळत येऊन रेघेला हात लावला. कामगारांनीच आधी टाळ्या वाजवल्या. कुंदा नीलाला घेऊन कडेला उभी होती. घोडा जिंकला म्हणून नीला नाचत होती, तिला कोण काय सांगणार!

आता तुझ्या खुर्चीचं. ती इकडे पाठवू नकोस. हापिसात मला खुर्ची आहे, घरी चटई आहे, आणि टेकडी आहे. आपल्या घरात बसायचं राहिलंय ते एकाच माणसाचं. पोतं काढ, पुसून घे, आणि तू बस. हेडक्लार्कचा हुकूम समज.

तुझा,
सहदेव

*

वरची वाडी,
१५ फेब्रुवारी १९५४

चि. सहदेव यास आत्येचे आशीर्वाद, आणि तुझ्या हुकुमाला नमस्कार.

पोतं काढलं. पहिल्या दिवशी नुसती पुसली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर वाळवणाचं सूप ठेवलं. तिसऱ्या दिवशी इकडे तिकडे बघून, देवाला हात जोडून, बसले.

माझे पाय जमिनीला टेकत नाहीत रे! सुताराने तुझ्या मापाची केली आहे. लोंबकळतात लहान पोरीसारखे. पायांखाली पाट घेतला. मग पाठ टेकली, हात हातांवर ठेवले, आणि समोर बघितलं. आपलं घरापुढचं खळं, तुळस, पलीकडे गुणाजीची गडग्याची भिंत, त्यावरून दिसणारी खाडी. हे सगळं रोजचंच. पण असं बसून कधी बघितलं नव्हतं. कोणी ओरडलं नाही. मी जरा रडले, ते तुला सांगायला हरकत नाही.

तेवढ्यात गुणाजी आलाच. मुंबईहून आलेल्या कुणा चाकरमान्याने त्याला बातमी पुरवली होती. गडग्यावर कोपर टेकून म्हणतो, "काय गो मालन, तुझ्या सहदेवाक हापिसात उभो करून ठेवलानी म्हणतत? आणि तू हय खुर्चेर?"

आधीची मालन असती तर शरमेने आत गेली असती. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "होय रे गुणाजी. उभो आसा. ताठ उभो आसा. हेडक्लार्क आसा, आणि तो टाच उचलता तेवा सगळा हापिस टाच उचलता. तुझ्या झिलाक विचार, त्याका शेवटचा कधी उठाक गावला ता."

गुणाजीने गडग्यावरचं कोपर काढलं. पण जाताना कमरेवर हात ठेवून, आळस देऊन, दोनदा मागे रेलला. मी बघितलं. मग आवाज देऊन त्याला बोलावलं, भागीरथीचं सगळं शिकवलं, टाचेपासून. शेजारी आहे, गंजू कसा देऊ? त्याच्या मुलाला कळवणार आहे म्हणाला. आता तुझं नाव टपाल कचेरीपर्यंत जाईल.

गिरणीतल्या आमच्या बायकांपैकी कुणी भेटली घाटकोपरात, चेंबुरात, तर सांग: भागीरथी म्हातारीचं झाड अजून वाढतंय.

बाकी सर्व क्षेम. नीलासाठी खाऊ बोटीने येतोय. पुरे करते आता. फार वेळ बसले.

तुझी आत्ये